बार्शी लाइट : पाच टनांच्या हिशेबावर धावलेली लाइन

येडशीच्या बाजूच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे : आमच्या शिवारातून एक लांबच लांब भराव जातो, मध्ये एक दगडी मोरी आहे, जुनी माणसं म्हणतात इथून "बार्शी लाइट" जायची. ही लाइन कुणी आणि कधी बांधली? इंग्रजांनी पैसे वाचवायला आमच्या भागाला छोटी गाडी दिली का? आणि शंभर वर्षं चालली, तर मग काढली कशासाठी?

मी रेल्वेत रूळमार्गाचं काम केलं. नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं याच लाइनवर गेली, पुढची ब्रॉडगेजवर, म्हणजे मोठ्या मापाच्या लाइनवर. त्यामुळे दोन्हीचा फरक मला कागदावरून नाही, हातातून कळला आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकाच आकड्यात आहे. तो आकडा म्हणजे पाच टन.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लोक बार्शी लाइटला माथेरानच्या गाडीच्या रांगेत बसवतात. माथेरानचं माप, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर. बार्शी लाइटचं अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. शकुंतला म्हणतात ती यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर लाइन, किंवा पाचोरा-जामनेर, या बार्शीच्या मापाच्या. माथेरानची गाडी हवा खायला जाणाऱ्यांसाठी होती. बार्शी लाइट मालासाठी जन्मली; कापूस, गळिताचं धान्य, ज्वारी, तूर यांच्यासाठी. आणि ती काही पाच-दहा मैलांची नव्हती. लातूरपासून मिरजेपर्यंत पूर्ण झाली तेव्हा तिची लांबी 202 मैल, म्हणजे सुमारे 325 किलोमीटर होती.

आता मूळ गोष्ट. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुंबई-सोलापूर-रायचूर ही मुख्य लाइन 1871 पर्यंत पूर्ण झाली. ती बार्शीला शिवली नाही, जवळपास 34 किलोमीटर अंतरावरून निघून गेली. बार्शी त्या वेळी मोठी पेठ. पूर्वेला लगेच निजामाची हद्द, बालाघाटावरचा माल उतरून यायचा तो बार्शीत. "बार्शी तिथे सरशी" असं आपल्याकडे म्हणतात, ते उगाच नाही. पण बार्शीत जमलेला माल मुख्य लाइनवर नेण्यासाठी बैलगाडी हाच उपाय. मुख्य लाइनवरच्या स्टेशनला नावच बार्शी रोड दिलेलं; तेच आजचं कुर्डुवाडी. रोड हा शब्द स्टेशनच्या नावात दिसला की समजावं, गाव इथे नाही, इथून रस्ता आहे. आणि तो रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचं चाक आसापर्यंत जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर 1882 मध्ये जीआयपी रेल्वेत इंजिनांचा निरीक्षक म्हणून आला. मुख्य लाइनवर काम करताना त्याला दिसलं की लाइन बांधून काम अर्धंच झालं आहे. दोन्ही बाजूंच्या पेठांतून माल लाइनपर्यंत आणणाऱ्या फांद्याच नाहीत. 1886 मध्ये कंपनीने त्याला हलक्या रेल्वेच्या शक्यता तपासायला रजा दिली. 1887 मध्ये त्याने बार्शीच्या लाइनसाठी बोलणी सुरू केली. पुढे आणखी रजा मिळेना, तेव्हा नोकरी गेली. पण बार्शी त्याने सोडली नाही. सरकारी वाटाघाटींत आठ वर्षं गेली. 1895 मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि मार्च 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही पहिली 21 मैलांची लाइन सुरू झाली. 1896-97 हे सोलापूर भागातल्या दुष्काळाचं साल. त्याच साली ही गाडी सुरू झाली.

म्हणजे "इंग्रजांनी दिली" हे तितकंसं खरं नाही. सरकारने बांधलेली ही लाइन नव्हे, कंपनीने बांधलेली. आणि छोटी का, या प्रश्नाचं उत्तर कॅलथ्रॉपच्या हिशेबात आहे. हा हिशेब मी थोडा सावकाश सांगतो, कारण नव्या पोरांना रूळमार्ग शिकवताना मी सुरुवात याच्यापासूनच करायचो.

रेल्वे बांधताना खर्च कशाने ठरतो? लोकांना वाटतं दोन रुळांमधल्या अंतराने. त्याने थोडा ठरतो. खरा खर्च ठरतो एका आसावर किती वजन येणार त्याने. चाकांची एक जोडी ज्या दांड्यावर असते तो आस. त्याच्यावर येणारं वजन रुळावर उतरतं, रुळावरून खालच्या आडव्या स्लीपरवर, स्लीपरवरून खडीत, खडीतून भरावात. आणि पुलावर आलं की थेट गर्डरवर. आसावरचं वजन दुप्पट केलं की रूळ जड, स्लीपर जवळजवळ, खडी जाड, गर्डर खोल. सगळीच साखळी महाग होते. त्या काळच्या छोट्या लाइनची अडचण अशी, की त्यांची इंजिनं जड आणि डबे हलके असत. सगळा रूळमार्ग बांधायचा त्या एका जड इंजिनासाठी, आणि मागचे डबे मात्र त्या रुळाच्या ताकदीच्या निम्म्यानेही भरायचे नाहीत. पैसा रुळात पुरला जायचा आणि वापरला जायचा नाही.

कॅलथ्रॉपने उलट केलं. त्याने ठरवलं, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, मग तो आस इंजिनाचा असो, मालवाघिणीचा असो की प्रवासी डब्याचा. आणि प्रत्येक वाघीण भरली की तिचा प्रत्येक आस त्या पाच टनांच्या अगदी जवळ गेला पाहिजे. पाच टनांना यार्डाला, म्हणजे तीन फुटांना, 30 पौंडांचा रूळ पुरतो, म्हणजे मीटरला सुमारे 15 किलो. चार आसांची बोगी वाघीण म्हणजे एकूण 20 टन. तिची चौकट त्याने पोलाद दाबून घडवलेली घेतली. ती लीड्सच्या कारखान्यातली, वजनाला हलकी आणि ताकदीला पक्की. रिकाम्या वाघिणीचं वजन वजा जाता पंधरा टनांच्या आसपास माल तिच्यात मावायचा. अडीच फुटी लाइनवर एका वाघिणीत पंधरा टन हे त्या काळी ऐकायला नवीन होतं.

इंजिनाचं काय? इंजिन हलकं केलं तर ओढणार कसं? त्याने वजन कमी केलं नाही, जास्त आसांवर पसरवलं. लीड्सच्या किट्सन कंपनीने बार्शीसाठी बनवलेली पहिली पाच इंजिनं आठ जोडलेल्या चाकांची आणि मागे चार चाकांची होती. सहा आस, प्रत्येकी पाच टन. इंजिन झालं तीस टनांच्या आसपासचं. गाड्या हिंदुस्थानात पाठवायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून त्यांची चाचणी घेतली होती. कॅलथ्रॉपला दाखवून द्यायचं होतं की छोटी रेल्वे म्हणजे दुय्यम रेल्वे नव्हे. पुढे 1904 मध्ये इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही लाइन त्यानेच अडीच फुटाच्या मापावर उभी केली, बार्शीचा अनुभव घेऊन. तिकडचं तंत्र इकडे आलं असं आपण नेहमी वाचतो. इथे बार्शीत सिद्ध झालेली गोष्ट तिकडे गेली. हे आपल्या भागातल्या मुलांना शाळेत सांगितलं पाहिजे, आणि तुम्ही शिक्षक आहात म्हणून मुद्दाम लिहितो.

पाच टन म्हणजे काय, ते माझ्या खांद्याला माहीत आहे. 30 पौंडी रुळाचा तीस फुटी तुकडा भरतो 136 किलो. चार गँगमन तो खांद्यावर घेऊन भरावावर चढायचे. मेट, म्हणजे गँगचा मुकादम, पुढून "हं, हं" करत पावलं जुळवून द्यायचा. रूळ खाली ठेवताना चौघांनी एकदम सोडायचा, नाहीतर ज्याने उशिरा सोडला त्याचा पाय गेलाच. नंतरच्या काळात लाइनवर जड रूळ पडले, जड इंजिनं आली, शेवटी डिझेल आलं. पण साइडिंगांमध्ये, बफर स्टॉपच्या मागे, फाटकाच्या खांबांत ते जुने बारीक रूळ मला शेवटपर्यंत सापडत राहिले. आज ब्रॉडगेजवर मीटरला 60 किलोचा रूळ असतो. त्याला खांदा लावायचा विचारच कुणी करत नाही, यंत्र लागतं. छोट्या लाइनवर पंधरा-वीस माणसांची गँग, सब्बल, फावडी आणि जॅक यांवर वळणं सरळ व्हायची. त्या माणसांची हजेरीपुस्तकं सोडली तर त्यांची नोंद कुठेच नाही, आणि लाइन मात्र त्यांनीच शंभर वर्षं उभी ठेवली.

हलक्या वजनाचा आणखी एक फायदा तुमच्या गावापाशीच दिसतो. बार्शीहून पांगरीमार्गे येडशीला यायचं तर बालाघाट चढावा लागतो, तो रामलिंगचा घाट. छोटं माप वळण जास्त आवळून घेऊ शकतं. जिथे ब्रॉडगेजला डोंगर फोडावा लागतो तिथे छोटी लाइन डोंगराच्या कडेकडेने, त्याच्या घडीत शिरून बाहेर येत वर जाते. खोदाई कमी, भराव कमी, बोगद्याची गरज नाही. किंमत मोजावी लागते ती वेगात आणि लांबीत. म्हणून त्या घाटातली जुनी वाट आजही इतकी वळणावळणाची दिसते. तिला कुणी वाकडी म्हणालं की मला वाईट वाटतं. ज्याने ती आखली त्याने डोंगराशी भांडण टाळलं होतं.

विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक फाटा बार्शीहून पूर्वेला येडशी-तडवळ्याकडे निजामाच्या मुलखात शिरला, दुसरा कुर्डुवाडीहून मोडनिंबवरून पंढरपूरला गेला. 1911 मध्ये लाइन लातूरला पोचली. 1927 मध्ये पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, सलगरे, आरग करत मिरजेला भिडली. त्याच 1927 मध्ये कॅलथ्रॉप वारला. (नंतरच्या आयुष्यात त्याने विमानातून उडी मारायच्या पॅराशूटवर काम केलं. माणूस कुठल्याही वजनाचा विचार सोडत नसे.)

या तिन्ही टोकांचा स्वभाव वेगळा. लातूर टोक मालाचं. निजामाच्या हद्दीत माल गेला-आला की करोडगिरी, म्हणजे हद्दीवरची जकात, लागायची, तरी गाडीने माल नेणं परवडायचं. लातूर आज तूर-सोयाबीनची एवढी मोठी बाजारपेठ आहे, तिच्या वाढीत 1911 च्या या रुळाचा वाटा फार मोठा. बार्शीचा बराच व्यापार पुढे लातूरकडे सरकला तोही याच रुळावरून, हे मात्र बार्शीकरांना आवडत नाही. मिरज टोक जोडणीचं. तिथे दक्षिणेकडची मीटरगेज यायची. पुढे पुणे-मिरज ब्रॉडगेज झाल्यावर मिरजेला तिन्ही मापं एकाच जंक्शनात नांदली, आणि रेल्वेची माणसं ते बघायला मुद्दाम जायची.

पंढरपूर टोक माणसांचं. आषाढी-कार्तिकीला कंपनीची खरी परीक्षा व्हायची, आणि ती यायच्या दिवसांत कमी, परतीच्या दिवसांत जास्त. वारकरी जाताना पायी जातो. तीन-तीन आठवड्यांत, दिंड्यांबरोबर, वाटेवाटेवर विखुरलेला. परतताना मात्र द्वादशीचं पारणं सोडलं की यात्रा एकदम फुटते, आणि सगळ्यांना त्याच दिवशी घर गाठायचं असतं. पेरणी खोळंबलेली असते. आठवडेच्या आठवडे भरत गेलेलं गाव दोन दिवसांत रिकामं करायचं ते एका अडीच फुटी एकेरी लाइनवर. एकेरी लाइन म्हणजे समोरची गाडी स्टेशनात आल्याशिवाय, लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय इकडची सुटणार नाही. मी त्या दिवसांत ट्रॉलीवर असायचो. टपांवर माणसं, दोन डब्यांच्या मधल्या जोडावर माणसं, आणि आमचं सगळं लक्ष चाकाखाली. प्रत्येक जोडाची फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), प्रत्येक चावी (रूळ जागेवर घट्ट धरणारी पाचर) आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात हाताने तपासलेली. एकदा एका वळणावर मला एक चावी सैल लागली, बोटाने हलवता येईल इतकी. मी ती ठोकली आणि तिथेच खडीवर बसलो. मागून गाडी आली. टपावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला बघून हात जोडले आणि "माउली" म्हणाल्या. ती चावी मला अजून बोटाला जाणवते.

आता वाईट बाजूही सांगितली पाहिजे, कारण लाइन का काढली त्याचं उत्तर तिथे आहे. ते उत्तर कुर्डुवाडीच्या यार्डात मिळतं. आधी एवढं सांगतो, की आज दिसतं ते कुर्डुवाडी शहर या जंक्शनानेच घडवलं. कारखाना, शेड, क्वार्टर्स, बाजार, सगळं रुळांभोवती वाढलं. त्याच यार्डात छोट्या लाइनचा माल मोठ्या लाइनवर चढायचा. ट्रान्सशिपमेंट. एका बाजूला छोटी वाघीण, दुसऱ्या बाजूला ब्रॉडगेजची, मध्ये फलाट, आणि त्या फलाटावर हमाल. पंधरा टनांची छोटी वाघीण आणि बावीस टनांच्या आसपासची मोठी. इकडच्या दीड वाघिणीचा माल तिकडच्या एका वाघिणीत. त्यामुळे कधी इकडची अर्धी रिकामी पडून राहायची, कधी तिकडची. हमालाचा आकडा पोत्यात रुतला की छिद्र पडायचं, धान्य सांडायचं. संध्याकाळी बाया सूप आणि केरसुणी घेऊन फलाट झाडून ज्वारी-तूर गोळा करायच्या. त्यांच्या सुपात पडणारं धान्य म्हणजे व्यापाऱ्याच्या मापात येणारी तूट. पावसात रुईची गासडी उघड्यावर राहिली की भाव उतरला. आणि जाणारा वेळ वेगळाच.

कॅलथ्रॉपला ही अडचण माहीत नव्हती असं नाही. इंग्लंडातल्या त्या लीक अँड मॅनिफोल्डवर त्याने मोठ्या मापाची अख्खी वाघीणच छोट्या मापाच्या खास गाडीवर चढवून नेण्याची सोय केली होती. तिथली लाइन छोटी, माल बेताचा. इथे ब्रॉडगेजची भरलेली वाघीण पाच टनी आसांवर उचलायची म्हटलं तर सगळा हिशेबच कोलमडतो. ज्या आकड्याने लाइन स्वस्त केली, त्याच आकड्याने तिला बाकीच्या देशापासून तोडून ठेवलं. मला या लाइनचं खरं दुःख वाटतं ते एवढंच. बांधणीत खोट नव्हती. रुळांचं माप बदलण्याची जागा वाटेत मधोमध होती.

बैलगाडीशी तुलना होती तोवर हे चालून गेलं. बैलगाडीच्या काळात माल नाहीतरी कुठेतरी उतरवून चढवावाच लागायचा. 1954 मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली आणि लाइन मध्य रेल्वेत आली, तोपर्यंत ट्रक आले होते. ट्रक लातूरच्या आडतीच्या दारात भरतो आणि मुंबईच्या गोदामाच्या दारात रिकामा होतो. मध्ये कुर्डुवाडी नाही, हमालाचा आकडा नाही, सूप नाही. माल हळूहळू रस्त्यावर गेला. उरले ते प्रवासी, तेही बहुतेक गरीब. बाजाराला जाणारे, शाळा-कॉलेजची मुलं, देवाला जाणारे. भाडं कमी, म्हणून उत्पन्न कमी. उत्पन्न कमी, म्हणून दुरुस्तीला पैसा कमी. दुरुस्ती कमी, म्हणून वेगावर बंधन. वेग कमी, म्हणून प्रवासी एसटीकडे. ही साखळी मी पायाखाली बघितली आहे. लाकडी स्लीपर कुजलेला दिसतो, नवीन मागावा, उत्तर येत नाही, मग त्या जागी "सावकाश"चा बोर्ड लावावा. शेवटी शेवटी बोर्डच जास्त झाले. लोक गाडीला मंद म्हणून हसायचे, तेव्हा आम्हाला माहीत असायचं की ती का मंद आहे.

1992 मध्ये देशभर एकच माप करण्याचं धोरण आलं आणि आमच्या लाइनचा निकाल तिथेच लागला. नव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत तुकड्यातुकड्याने ती ब्रॉडगेज झाली. लातूर-उस्मानाबाद सप्टेंबर 2007 मध्ये सुरू झाली, उस्मानाबाद-कुर्डुवाडी ऑक्टोबर 2008 मध्ये. बदल फक्त मापाचा नव्हता, वाटेचाही होता. जुनी लाइन उस्मानाबाद शहराला, म्हणजे आताच्या धाराशिवला, जातच नव्हती. जिल्ह्याच्या गावाला येडशीवर उतरून पुढे रस्त्याने जावं लागे. नवीन लाइन शहरावरून वळवली. घाटातली आवळलेली वळणं ब्रॉडगेजला झेपणारी नव्हती, म्हणून तिथेही नवी आखणी झाली. तुमच्या शिवारातला भराव सुटला तो यामुळे. लाइन काढली असं तुम्ही लिहिलंत. लाइन आहे, फक्त तुमच्या शेतातून उठून बाजूला गेली.

मी नॅरोगेजवर वाढलेला माणूस, तरी सांगतो : हा बदल व्हायलाच हवा होता, आणि वीस-तीस वर्षं आधी व्हायला हवा होता. आज लातूरचा माणूस रात्री गाडीत बसतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. कुर्डुवाडीला झोपमोड नाही. जुन्या लाइनवरच्या हरंगुळला आज रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा आहे. गाडीची आठवण गोड असते म्हणून लोकांना ट्रान्सशिपमेंटमध्ये अडकवून ठेवणं योग्य झालं नसतं.

आणि एक रात्र अशी आली, की पाच टनांचा हिशेब माझ्यापुरता पुरा झाला. एप्रिल 2016. लातूरचं धरण कोरडं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा टाकी वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर, मिळून पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, एका खेपेला 25 लाख लिटर. सगळ्या देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. पण ती आली कोणत्या वाटेने? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. बार्शी लाइटची पहिल्यापासून शेवटपर्यंतची वाट. मी कागद घेऊन बसलो. पाण्याने भरलेल्या एका वाघिणीच्या एका आसावर जवळपास 20 टन येतात, म्हणजे कॅलथ्रॉपच्या मर्यादेच्या चौपट. पन्नास वाघिणींतलं पाणी जुन्या गाडीने न्यायचं तर त्याच्या वाघिणी दीडशेच्या वर लागल्या असत्या. 1911 मध्ये लातूरला रूळ गेला नसता, तर 2007 मध्ये बदलायला माप तरी कुठून आलं असतं? पाणी त्या लातूरकरांना ब्रॉडगेजने दिलं, पण वाट छोट्या लाइनने आखून ठेवली होती.

आता तुमच्या भरावाकडे येतो, कारण खरं काम तिथे आहे. एका कार्यालयात या लाइनच्या मोऱ्यांचे मूळ नकाशे होते, कापडावर शाईने काढलेले. मापबदल झाल्यावर ते रद्दीत गेले. मी दोनदा अर्ज केला होता की ते मला नको, पण एखाद्या वाचनालयाला तरी द्या. तो राग अजून गेलेला नाही. म्हणून म्हणतो, जमिनीवर जे उरलं आहे तेच आता कागद आहे, आणि ते वाचता येतं.

आधी भरावाचा माथा मोजा. छोट्या लाइनचा माथा बारा फुटांच्या आतबाहेर असतो. त्याहून बराच रुंद असेल तर तो बहुधा तलावाचा बांध किंवा जुना रस्ता. मग चढ बघा. रेल्वेचा भराव जमिनीबरोबर वरखाली होत नाही. जमीन खाली गेली की भराव उंच होतो, जमीन वर आली की तो खोदाईत शिरतो. मोरीच्या दोन्ही तोंडांचे फोटो घ्या, दगडाच्या घडणीचे जवळून घ्या, कुठे आकडा किंवा क्रमांक कोरलेला आहे का ते ओल्या फडक्याने पुसून पाहा. चुन्याचा थर दिसला तर नखाने उकरू नका. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढा. त्यात रेल्वेची पट्टी वेगळी दाखवलेली असते, आणि ती जागा अजून रेल्वेचीच असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा दगड हलवू नका आणि कुणाला हलवू देऊ नका.

नंतर गावात फिरा. गोठ्याच्या आढ्याला, विहिरीच्या रहाटाला, कुंपणाला जुना रूळ लावलेला हमखास सापडेल. रुळाच्या पोटावर, म्हणजे वरचं डोकं आणि खालचा तळ यांच्या मधल्या उभ्या भागावर, कारखान्याचं नाव, वजन आणि साल उठवलेलं असतं. गंज घासायचा नाही. अंगावर कागद ठेवून पेन्सिलचं शिसं आडवं फिरवा, अक्षरं उमटतील. मात्र एक लक्षात ठेवा. ते साल रूळ कारखान्यात घडला त्याचं आहे, तुमच्या गावात टाकला त्याचं नव्हे. रूळ एका लाइनवरून उचलून दुसरीवर टाकायची आम्हाला कायमची सवय. 1890 च्या दशकातलं साल आणि 30 पौंडांचं वजन एकाच रुळावर सापडलं, तर मात्र तो पहिल्या मांडणीतला असू शकतो. तो जिथे असेल तिथेच राहू द्या, मालकाला त्याची किंमत समजावून सांगा, आणि कागदावर उमटलेली अक्षरं मला पाठवा.

म्हाताऱ्या माणसांकडे मुलांना घेऊन जा, आणि "गाडी कशी होती" असं विचारू नका. सगळे एकच सांगतात, हळू होती. विचारा, गँगवर तुमच्या घरचं कोण होतं, हजेरी कुठे भरायची, मेट कोण होता, पंढरपूरच्या यात्रेला गाडी कुठे थांबायची. आपल्या भागात अशी घरं अजून आहेत जिथे तीन पिढ्या गँगवर गेल्या. त्यांची नावं वहीत उतरवून घ्या, मोरीच्या क्रमांकासमोर. ती मोरी त्यांनीच राखली होती.